परिसरातून कौतुक होत आहे

शाळेच्या बातमीची भाषा ठरलेली असते. कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न’ होतो. निरुत्साहात संपन्न झालेला कार्यक्रम अजून कुठे छापून आलेला नाही. पाहुणे ‘मान्यवर’ असतात. मार्गदर्शन ‘मोलाचे’ असतं आणि ते नेहमी ‘लाभते’. शेवटी एक वाक्य येतं, त्याच्याशिवाय बातमी पुरी होत नाही: ‘या यशाबद्दल परिसरातून कौतुक होत आहे.’

हे वाक्य मी प्रत्येक सत्राच्या अखेरीला इमानेइतबारे लिहीत आलो आहे. परिसराला त्याची खबर नसते. पहिलं सत्र संपतं तेव्हा परिसर भाताच्या कापणीत असतो आणि दुसरं संपतं तेव्हा काजूच्या बिया गोळा करत असतो. कौतुक करायला कुणालाच सवड नसते, आणि माझीही काही तक्रार नव्हती. छापील कौतुक मला पुरत होतं. खरं कौतुक अंगावर आलं ते २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, कोल्हापूर जिल्ह्यात आजरा-भुदरगडच्या बाजूच्या डोंगरातली, पहिली ते पाचवी. गावाचं नाव सांगत नाही, परिसर वाचतो. शिक्षक दोन. एक मुख्याध्यापिका, त्यांना सगळं गाव बाई म्हणतं. दुसरा मी. मला गाव ‘गुरुजी’ म्हणतं तेव्हा काम असतं आणि ‘सर’ म्हणतं तेव्हा तक्रार असते. पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि वरून येणारे फोन बाईंकडे. पाचवीचा वर्ग, शिष्यवृत्ती आणि बातमी माझ्याकडे. माझं अक्षर बरं म्हणून कधीकाळी बातमीचं काम आलं. आता बातमी मोबाइलवरून जाते, अक्षराचा संबंध उरला नाही. पण शाळेत एकदा अंगाला लागलेलं काम बदली झाल्याशिवाय सुटत नाही.

ज्यांनी शिष्यवृत्ती परीक्षा दिली नाही, किंवा विसरून जावं अशी दिली, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. माझ्या लहानपणी ती चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली. दोन पेपर. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. भागाकार केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात, आणि त्यातच वर्तुळ काळं करण्याचा वेळ धरलेला आहे. दोन्ही पेपरांत चाळीस-चाळीस टक्के मिळाले की मूल ‘पात्र’. पैसे मात्र गुणवत्ता यादीत येणाऱ्यालाच: पाचवीला तेव्हा वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं. राज्यात परीक्षेला बसणाऱ्यांपैकी पाव हिश्श्याच्या आसपास मुलं पात्र ठरतात, यादीत त्यातलीही थोडी.

कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्तीचं कुस्तीसारखं आहे. तालमी आहेत, वस्ताद आहेत, कुठल्या शाळेचा पट्ठ्या यंदा निघतो याची चर्चा चहाच्या गाड्यावर होते. काही शाळांतले गुरुजी पहाटे मुलं उठवतात, रात्री कंदिलापासून एलईडीपर्यंत सगळ्या उजेडांत शिकवत आलेत. मी त्यांतला नव्हे. मी आठ वाजता उठणाऱ्यांपैकी. तरीही दर वर्षी पाचवीतली पाच-सात मुलं बसवायची, त्यातली एक-दोन पात्र व्हायची आणि मी बातमीत ‘उज्ज्वल यश’ लिहायचं, असं आमचं सुरळीत चाललं होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, सत्र संपण्याआधी, मी सात मुलांची सराव परीक्षा घेतली. सातही मुलं चाळीस टक्क्यांच्या वर गेली. पेपर मीच काढला होता, आणि ज्या प्रश्नसंचातून काढला तो मुलांनी श्रावणातच सोडवून संपवला होता. पण बातमीत सगळंच सांगायचं नसतं. मी मथळा दिला, ‘शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेचे उज्ज्वल यश, निकाल शंभर टक्के’. ‘सराव’ हा शब्द मी गाळला नव्हता, हे आधीच स्पष्ट करतो. तो तिसऱ्या परिच्छेदात होता. मथळ्यात घातला असता तर मथळ्याचा रुबाब गेला असता. पण वर्तमानपत्रात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. तिसरा परिच्छेद गेला. शेवटचं वाक्य मात्र कुणा पुण्यवानाने उचलून दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी आणून ठेवलं होतं. परिसरातून कौतुक होत होतं.

बातमी सकाळी छापून आली. दुपारी सरपंचांचा फोन.

“गुरुजी, कळवायचं नाही व्हय?”

मी म्हटलं, “लहानसंच आहे, म्हणून…”

“शंभर टक्के म्हंजे ल्हान?”

इथे मला ‘सराव’ हा शब्द उच्चारता आला असता. तीन अक्षरं आहेत. पण पलीकडून सरपंच शाळेला नवा फळा आणि पाण्याची टाकी द्यायचं बोलत होते, आणि टाकीच्या वाक्यात मध्येच शिरणं मला बरं दिसेना.

सत्राच्या शेवटच्या दिवशी मी शाळेत पोचलो तेव्हा फाटकावर फ्लेक्स लागलेला होता. सात मुलं गोल-गोल चौकटींत. मधोमध मी. माझा फोटो कुठून मिळवला कुणास ठाऊक. डोक्याला फेटा होता, म्हणजे कुणाच्या तरी लग्नातला असणार. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, मुलांच्या दुप्पट आकाराचे. बाई फ्लेक्सखाली उभ्या राहून तो सगळा वाचत होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. प्रवेशपत्रं यायची आहेत, परीक्षा फेब्रुवारीत आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अर्ज त्यांनीच भरले होते. त्या एवढंच म्हणाल्या, “फोटो छान आलाय.”

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. मुलांना कंपासपेट्या. सरपंचांनी भाषणात पुण्या-मुंबईच्या शाळांना चार शब्द सुनावले. मग मला बोलायला उभं केलं आणि मी मनाचा हिय्या करून माईकमध्ये सांगितलं, “ग्रामस्थहो, खरी परीक्षा अजून व्हायची आहे. ती फेब्रुवारीत आहे.”

टाळ्या पडल्या. मी खाली बसलो तेव्हा शेजारचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे, कौतुकाने म्हणाले, “खरी परीक्षा पुढं, हे लई भारी बोलला. माणसानं असंच असावं.” मागच्या रांगेत माझ्या वाक्याचा वेगळा अर्थ लागला होता. तिथून बातमी गावभर गेली की ही झाली ती खालची परीक्षा, आता फेब्रुवारीत वरची आहे, राज्याची, आणि ती पास झालं की मूल थेट पुण्याला.

एका मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. “पैसं कवा यायचं?”

मी म्हटलं, पैसे यादीत येणाऱ्याला, आणि तेही बरंच पुढे.

“वर्साला पाच?”

“पाच.”

“तीन वर्सं?”

“तीन.”

“पंधरा.” गुणाकार त्यांनी ७२ सेकंदांच्या बराच आत केला. दिवाळीच्या आठवड्यात त्यांनी बाजारातून उधारीवर शेळी आणली.

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा बाईंनी मला खोलीत बोलावलं. हजेरीपट चाळत, वर न बघता म्हणाल्या, “बातमी छापून आलीच आहे. फेब्रुवारीपर्यंत ती खरी करायची.”

असा मी वस्तादांच्या यादीत भरती झालो. सकाळी आठला जादा तास. आठला उठणाऱ्या माणसाने आठला वर्गात असणं म्हणजे काय, ते माझ्या घरच्यांना विचारा. डोंगरातली थंडी, मुलं स्वेटरच्या बाह्यांतून फक्त बोटं बाहेर काढून बसलेली, आणि फळ्यावर मी, बुद्धिमत्ता चाचणी शिकवताना. त्या चाचणीत मुलांची बुद्धिमत्ता मोजली जाते असा माझा समज होता.

पहिला दणका नातेसंबंधांनी दिला. प्रश्न साधा होता: सीमाच्या वडिलांची बहीण ही सीमाच्या आईची कोण? पर्याय: जाऊ, नणंद, विहीण, भावजय. मी नणंदेभोवती गोल काढला आणि पुढे निघालो. वरच्या वाडीची एक मुलगी आहे, बोलते कमी. तिने हात वर केला.

“सर, विहीण पण बरोबर हाय.”

“कशी काय?”

“सीमाचं लगीन आत्याच्या पोराशी झालं आसंल तर?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असल्याची समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची. वर्गातल्या सातांपैकी चौघांच्या घरात आत्या आणि सासू ही एकच बाई होती. चौघेही मुलीच्या बाजूने उभे राहिले. एकाने आपल्या घरातला पुरावा नावानिशी मांडला. मी म्हटलं, सीमा लहान आहे, तिचं लग्न झालेलं नाही. मुलगी म्हणाली, तसं प्रश्नात कुठं लिवलंय? आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असत, पाचवीला मात्र एकच. तेव्हा परीक्षेपुरतं नणंद लिहायचं, घरी गेल्यावर हवं ते म्हणायचं, असा तह झाला. पुढच्या महिन्याभरात नातेसंबंधाचा एकही प्रश्न आम्ही एका पर्यायावर संपवू शकलो नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांनी आमच्याकडची एखादी लग्नाची पंगत बघायला हवी होती.

दुसरा दणका दिशांचा. ‘मीना उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी आहे, ती उजवीकडे वळली, मग पुन्हा डावीकडे…’ फळ्यावर हे फार कोरडं वाटतं, म्हणून मी कृतियुक्त अध्यापन करायचं ठरवलं. बी.एड.ला असताना या विषयावर मला चांगले गुण होते. मुलांना मैदानात नेलं, एकाला मीना केलं, सूर्याकडे तोंड करायला लावलं. डोंगरामुळे सूर्य आमच्याकडे उशिरा वर येतो, आणि थंडीत तो येतो तोही सरळ पूर्वेला नाही, चांगलाच दक्षिणेला सरकून. मी आपला त्या उजेडाच्या रोखाने बोट करून ‘ही पूर्व’ म्हटलं आणि बाकीच्या तीन दिशा त्या हिशेबाने वाटून टाकल्या.

“सर, पश्चिम तिकडं न्हाई,” सातांतला एक चष्मेवाला म्हणाला.

“का नाही?”

“पाऊस हिकडनं येतोय की.” त्याने माझ्या नैर्ऋत्येकडे बोट दाखवलं.

मुलांचं एकमत होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्या बाजूने पाऊस कौलांत शिरतो ती पश्चिम, यावर वाद नाही. मी खिशातून मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं. मोबाइलने मला तो हातात धरून इंग्रजी आठचा आकडा काढायला सांगितला. मी मैदानाच्या मधोमध उभा राहून हवेत आठ काढत होतो तेव्हा फाटकावरून दूधवाला चालला होता. तो थांबला, बराच वेळ थांबला, आणि फ्लेक्सवरच्या माझ्या फोटोकडे एकदा बघून गेला. होकायंत्राने मुलांच्या बाजूने निकाल दिला.

मग उत्तरपत्रिका. हे प्रकरण शहरातल्या मुलांना सवयीचं असेल, आमच्याकडे त्याच्यावर पंधरवडा गेला. वर्तुळ पूर्ण काळं करायचं, बाहेर जाऊ द्यायचं नाही, खाडाखोड नाही, एकदा केलं ते केलं. आमच्यात एकजण चित्रकलेत पुढे. त्याची वर्तुळं अशी देखणी यायची की पुसट कडा नाही, डाग नाही. मात्र दीड तासात त्याची वीस व्हायची. दुसरी एक दोन सेकंदांत वर्तुळ करायची, पण त्याला आधी डोळे काढायची. मी सांगितलं, यंत्र डोळे ओळखत नाही. ती म्हणाली, मग त्याला कळतं कसं?

मुलांना वेळेचं भान यावं म्हणून एका रविवारी मी त्यांच्यासोबत जुना पेपर सोडवायला बसलो. ही कल्पना माझीच. गुरुजी स्वतः बसले की मुलांना हुरूप येतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दुसरा पेपर निवडला, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. बाकावर गुडघे मावेनात, म्हणून आडवा बसलो. बाई पर्यवेक्षक. त्यांनी माझ्यासकट आठ जणांच्या पट्ट्या तपासल्या.

सुरुवात झोकात झाली. मधल्या एका प्रश्नाला, रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या, मी अडलो. डावीकडून बारावा, उजवीकडून सतरावा, मधे कोण कुठे सरकलं, काही केल्या जमेना. म्हटलं, सोडून पुढे जाऊ, शेवटी परत येऊ. हाच सल्ला मी मुलांना रोज देत होतो. प्रश्न सोडला, वर्तुळांची ओळ मात्र सोडली नाही. तिथून पुढची माझी सगळी उत्तरं बरोबर होती, फक्त प्रत्येक उत्तर वरच्या घरात राहायला गेलं होतं.

तपासणी मुलांनी केली. उत्तरसूची हातात घेऊन, लाल पेनाने, भयंकर शांततेत. दीडशेत साठ म्हणजे पास. मला छप्पन्न.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग शेळीवाल्यांचा मुलगा हळूच म्हणाला, “सर, गुणपडताळणीला टाका की. दोनच प्रश्नांचा सवाल हाय.” चष्मेवाल्याने मला माझाच सल्ला दिला, पट्टी ठेवून ओळ धरत जा म्हणून. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. वरच्या वाडीच्या मुलीला त्या पेपरात एकशे अठरा पडले होते. तिने स्वतःची पत्रिका घडी करून दप्तरात ठेवली, माझ्यासमोर दाखवली नाही. एवढी सभ्यता मी तिला शिकवलेली नाही.

जानेवारीत मुलं घरी काय बोलतात याच्या तक्रारी यायला लागल्या, म्हणजे मी ‘सर’ झालो. एक आई म्हणाली, जेवायला काय करू विचारलं तर ‘वरीलपैकी सर्व’ म्हणते. दुसऱ्याच्या आजीला कुणी आपलं वय विचारू नये एवढंच हवं होतं. नातू तिला रोज विचारत होता की पाच वर्षांपूर्वी तुझं वय आईच्या वयाच्या किती पट होतं. मराठीच्या सरावासाठी मी एक दिवस सांगितलं की प्रत्येकाने घरातून एक बातमी आणायची आणि तिच्यावर चार पर्यायांचे प्रश्न तयार करायचे. परीक्षेत उतारा म्हणून काहीही येऊ शकतं, संवाद, जाहिरात, बातमी. पाच जणांनी घरात जपून ठेवलेली एकच बातमी आणली. तीच. कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत होतं. चष्मेवाल्याचा पहिला प्रश्न असा: ‘वरील बातमीनुसार परीक्षा कधी झाली? (१) ऑक्टोबर (२) फेब्रुवारी (३) अजून झाली नाही (४) सांगता येत नाही’.

मी त्याला पूर्ण गुण दिले आणि उत्तर उद्या सांगतो म्हटलं.

परीक्षा ९ फेब्रुवारी २०२५ ला होती, रविवारी. वडापवाल्याने सात मुलं, दोन शिक्षक आणि पोरांचे तीन पालक एका जीपमध्ये बसवले आणि तरी वाटेत दोन माणसं घेतली. केंद्रावर फाटकाबाहेर आसपासच्या शाळांचे सगळे वस्ताद जमले होते. मुलं आत गेल्यावर शिक्षकांना करण्यासारखं काही नसतं. आम्ही झाडाखाली उभे राहून एकमेकांच्या मुलांची चौकशी केली, म्हणजे अंदाज घेतला. एकाने मला ओळखलं. “तुमचा निकाल शंभर टक्के लागला होता ना, दिवाळीत?” त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कोल्हापूरकडची माणसं चेष्टा करताना चेहरा कोरा ठेवतात. त्यामुळे गंभीर बोलतात तेव्हाही मला शंका येते. मी चहा प्यायला गेलो.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडून बसली. झालेल्या पेपरावर बोलायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. मलाच राहवेना. मी विचारलं, नातेसंबंधाचा प्रश्न येणार आता, तेव्हा लक्षात आहे ना? सातही जणांनी एका सुरात सांगितलं, “लगीन झालेलं न्हाई आसं धरायचं.”

एप्रिलच्या अखेरीला अंतरिम निकाल लागला. सातांपैकी पाच पात्र. मी संकेतस्थळावर पुन्हापुन्हा जाऊन बघितलं, कारण आपल्या शाळेचा निकाल बघताना ओळ सरकण्याची माझी सवय आता जगजाहीर होती. पाचच. राज्यात चारात एक पात्र होतं आणि आमची सातांत पाच. वरच्या वाडीच्या मुलीचे गुण यादीच्या टप्प्यातले होते, पुढे पावसाळ्यात अंतिम निकालात तिचं नाव आलंही. बाईंनी मला पहिल्यांदाच स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी दिली. मी मोबाइल काढून सत्रअखेरची बातमी लिहायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी मला दाखवायची.”

मी अशी लिहिली: सात विद्यार्थी बसले, पाच पात्र ठरले, दोन ठरले नाहीत. ‘उज्ज्वल’ नाही, ‘मोलाचे’ नाही. शेवटी, सत्याला धरून, ‘परिसरातून अद्याप कौतुक झालेले नाही.’ बाईंनी शेवटचं वाक्य खोडलं, बाकीचं पाठवलं. छापून आलं आणि संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. चहाला नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“सर, निकाल घसरला.”

“घसरला?”

“गेल्या येळंला शंभर. आता सातातलं पाच. गावात इचारत्यात लोकं.”

मी सांगायला सुरुवात केली. राज्याची टक्केवारी, पात्रता, सराव म्हणजे काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ते खरं हो,” म्हणाले, “पर वरची परीक्षा अवघड आसंल म्हणून तवाच जास्त तास घ्यायचं होतं.” वरच्या वाडीच्या मुलीच्या सत्काराचा विषय मी काढला. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, परत ठेवली. “तिचा झालाय की एकदा. डबल कसा करायचा?” टाकीचं विचारायचं माझ्या ओठावर होतं, विचारलं नाही.

माझ्या बाजूने बोलणारा गावात एकच माणूस निघाला. शेळीवाले. त्यांचा मुलगा पात्र झाला, यादीत आला नाही, म्हणजे पंधरा हजारांचा हिशेब फसला होता. मी भेट टाळत होतो. ते रस्त्यात आडवेच आले, आणि हात जोडून म्हणाले, “सर, तुमच्या बातमीनं शेरडू घेतलं, न्हाईतर आमी कशाला घेतोय. दोन करडं झाली. उधारी फिटल.” मग आवाज खाली आणून, “पुढच्या वर्साची बातमी कवा लिवताय?”

पुढच्या वर्षी काय झालं, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाचा निर्णय आला. शिष्यवृत्ती पुन्हा चौथी आणि सातवीला. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा चौथीपर्यंतच असल्याने पाचवीच्या परीक्षेत त्यांची मुलंच बसत नव्हती, त्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा, हे मी कुठेही सांगेन. फक्त बदलाचं पहिलं वर्ष असल्याने २०२५-२६ ला चौथी आणि पाचवी, दोघांचीही परीक्षा. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात आणि ती खोली माझी. बाईंनी परिपत्रक माझ्यासमोर ठेवलं, त्याच्यावर प्रश्नसंचांची यादी ठेवली आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे वर न बघता म्हणाल्या, “सोमवारपासून. आठ.”

मी ठरवलं की या वर्षी काहीच छापून आणायचं नाही. निकाल लागेपर्यंत एक ओळ नाही. रविवारी सकाळी आमच्या भागाच्या वार्ताहराला फोन लावला आणि नम्रपणे विनंती केली की आमच्या शाळेबद्दल काही आलं तर कृपा करून ठेवून द्या.

“उशीर झाला की सर,” तो म्हणाला. “आजच्या अंकात टाकलंय. अध्यक्षांनी परवाच पाठवलं होतं.”

“काय टाकलंय?”

“शिष्यवृत्ती मार्गदर्शन वर्गाचा उत्साहात शुभारंभ.”

“अहो, उद्या आहे तो!”

“असू दे की,” वार्ताहर म्हणाला. “फोटो फेट्यातलाच लावलाय. चांगला आहे तो.”